पार्श्वभूमी: एस्प्रेसोचा ग्राइंडर बारमधून ओट्यावर कसा आला

घरी एस्प्रेसो करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सकाळचा पहिला शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, शिळा लागतो. दळणाचं सेटिंग एक खाच हललं की शॉट उतरायला पंचवीस सेकंदांचे चाळीस होतात. भुकटी उडून चारी बाजूंना चिकटते. वीस ग्रॅम बिया टाकल्या तर साडेअठराच बाहेर येतात. या साऱ्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: बिया दळायचं यंत्र, म्हणजे ग्राइंडर, घरासाठी आखलेलंच नव्हतं. इटलीतल्या कॉफी बारमध्ये ते दिवसभर किलोकिलोने दळायचं. घरी त्याच्याकडे दिवसातून दोनदा अठरा-अठरा ग्रॅम मागितले जातात.

लुइजी बेझेराने मिलानमध्ये १९०१ साली ज्या यंत्राचं पेटंट मागितलं, ते वाफेच्या दाबावर चालायचं. दाब जेमतेम दीड बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दीडपट. एवढ्या दाबाला फार बारीक भुकटीतून पाणी ढकलता येत नाही, त्यामुळे दळणाकडून फारशी अपेक्षाही नव्हती. त्या काळी युरोपात घरोघरी हातगिरण्या होत्या. फ्रान्समधल्या प्यूजोने कॉफीची पहिली गिरणी १८४० मध्ये काढली होती, मोटारींच्या कितीतरी आधी.

चित्र पालटलं ते आकिले गाजियाच्या हाताने ओढायच्या दांड्याने. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८च्या सुमाराला, त्याची स्प्रिंग आणि दट्ट्या असलेली यंत्रं बारमध्ये आली आणि दाब आठ-नऊ बारवर गेला. कपात वर क्रेमाचा, म्हणजे दाट फेसाचा, थर दिसू लागला. त्याच वर्षी व्हेनिसच्या परिसरात लुइजी माझ्झर याने पुढे ग्राइंडरसाठी नावाजलेला आपला कारखाना सुरू केला. पुढे फाएमा कंपनीच्या ई६१ या यंत्राने १९६१ मध्ये दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला. दांड्यावर माणसाच्या हाताला अंदाज यायचा आणि थोडीफार चूक सावरता यायची. पंप मात्र नऊ बार म्हणजे नऊ बारच देतो. पाण्याला अडवणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे दाबून बसवलेली भुकटी. इटालियन प्रमाण सात ग्रॅम कॉफी, पंचवीस सेकंद आणि पंचवीस मिलिलिटर असं आहे. हे गणित जुळवायचं काम तेव्हापासून ग्राइंडरकडेच आहे. यंत्रावर पैसे ओतून ग्राइंडरमध्ये काटकसर केलेली अंगाशी येते ती यामुळेच.

बारमधल्या ग्राइंडरचा आतला भाग आपल्या जात्यासारखाच असतो. दोन दातेरी पोलादी चकत्या, ज्यांना बर्स म्हणतात, एकमेकींसमोर बसवलेल्या असतात. बिया मधून शिरतात आणि भुकटी कडेने बाहेर पडते. फरक एवढाच की इथे टाकी लावून घ्यायची सोय नाही, झिजल्या की चकत्या बदलायच्या. सपाट चकत्या सहसा मोटरच्या दांड्यावरच बसतात आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतात. शंकूच्या आकाराची जोडी गिअर लावून बरीच संथ फिरवतात.

वर किलोभर बियांचं भांडं, म्हणजे हॉपर, आणि पुढे भुकटी मापून देणारा सहा कप्प्यांचा डोझर. दांडा ओढला की एक कप्पा फिल्टरमध्ये रिकामा होतो. गिऱ्हाइकांची रांग असेल तर डोझरमधली भुकटी काही मिनिटांत संपते. घरी तीच भुकटी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच पडून राहते, शिवाय चकत्यांभोवतीच्या पोकळीत आणि नळीत काही ग्रॅम अडकतात ते वेगळेच. ही अडकलेली भुकटी हॉपरवाल्या ग्राइंडरचा खरा दोष आहे. सेटिंग बदलल्यावर पहिला शॉट जुन्याच सेटिंगचा निघतो तो याच कारणाने. म्हणून खाच हलवल्यावर तीन-चार ग्रॅम दळून टाकून द्यायचे आणि मगच शॉट काढायचा. आणि बारीककडे जाताना मोटर चालू असतानाच फिरवायचं. बंद असताना चकत्यांच्या फटीत कण अडकलेले असतात, जोर लावला तर आटे खराब होतात. जाडकडे कधीही फिरवा.

घरगुती एस्प्रेसो यंत्रं सत्तरच्या दशकाअखेरीस चांगली खपू लागली, पण त्यांच्या जोडीला लायक ग्राइंडर घरी नसायचा. यावर उत्पादकांनी काढलेली पळवाट म्हणजे फिल्टरची दुहेरी तळाची जाळी. बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक असतं, दाब त्या भोकामुळे तयार होतो आणि भुकटी कशीही असली तरी फेस येतो. तो दिसतो क्रेमासारखा, चव मात्र पाणचट. आजही कमी किमतीच्या यंत्राबरोबर हीच जाळी मिळते. मिक्सरच्या भांड्यात दळलेल्या कॉफीवर तिच्याशिवाय भागत नाही, कारण मिक्सरचं पातं बिया दळत नाही, तोडतं. एकाच घाण्यात पिठासारखी धूळ आणि रव्याएवढे तुकडे दोन्ही निघतात. पाणी मग जाड भागातून वाट काढून निसटतं.

इटलीच्या रांचिलिओने १९९७ मध्ये सिल्व्हिया हे घरगुती यंत्र आणलं. त्याच्या जोडीचा रॉकी हा ५० मिलिमीटर चकत्यांचा ग्राइंडर म्हणजे बारच्या ग्राइंडरची लहान आवृत्ती. मोटर दणकट, पण सेटिंग खाचांचं. एका खाचेला शॉट झरझर धावतो आणि शेजारच्या खाचेला थेंबथेंब गुदमरतो, असं व्हायचं. खाचांमधली जागा भरून काढायला लोक अर्धा-एक ग्रॅम कॉफी कमी-जास्त करत. अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेल्या बाराट्झाने वेगळी वाट धरली. रचना हलकी, भाग बरेचसे प्लास्टिकचे, पण प्रत्येक सुटा भाग विकत मिळणार. वरची चकती धरणाऱ्या कड्याचे प्लास्टिकचे कान खडा आल्यावर आधी मोडतात आणि गिअर वाचतात. हे कान मोडणं हा बिघाड समजून अख्खा ग्राइंडर फेकणारे लोक आहेत. तसं करू नये. सालासकट वाळवलेल्या बियांत खडे जास्त सापडतात, त्या ताटलीत पसरून एकदा नजरेखालून घालाव्यात.

दोन हजारच्या दशकात हौशी लोकांनी कॅफेतले वापरलेले ग्राइंडर घरी आणायला सुरुवात केली. माझ्झरचा सुपर जॉली त्यांचा लाडका: ६४ मिलिमीटर चकत्या, वजन १४ किलोच्या आसपास, सेटिंग खाचांशिवायचं. दळण उत्तम, पण डोझरमुळे गुठळ्या. यावर जॉन वाइस यांनी २००५ मध्ये सांगितलेला उपाय साधा होता. तळ कापलेला दह्याचा कप फिल्टरवर नाळक्यासारखा ठेवायचा आणि बारीक सुईने भुकटी तळापर्यंत ढवळायची. आज याला डब्ल्यूडीटी (वाइस डिस्ट्रिब्यूशन टेक्निक) म्हणतात. सुई ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीची हवी. टूथपिक गुठळ्या फोडत नाही, नुसत्या इकडून तिकडे सरकवते.

भुकटी उडण्याचं कारण घर्षणाने तयार होणारी स्थिर वीज. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा फवारा मारून हलवायचं, हा डेव्हिड रॉस यांच्या नावाने ओळखला जाणारा उपाय. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही थोड्या ओलाव्याने हा भार कमी होतो असं दिसलं. अठरा ग्रॅमना एक, फार तर दोन फवारे. त्याहून जास्त पाणी नळीत चिखल करतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात याची गरज पडत नाही; पुणे, नागपूरच्या कोरड्या थंडीत मात्र फवाऱ्यावाचून भुकटी आवरत नाही.

मोठं वळण आलं २०१३ मध्ये. मेलबर्नच्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत मॅट पर्गर या स्पर्धकाने माल्कोनिग कंपनीचा ईके४३ एस्प्रेसोसाठी वापरला. हा मुळात दुकानात सुटी कॉफी आणि मसालेही दळून देणारा, ९८ मिलिमीटर चकत्यांचा अवजड ग्राइंडर. त्यात डोझर नाही. एका शॉटच्या बिया वजन करून टाकायच्या आणि सगळ्या बाहेर काढायच्या. ही पद्धत घरासाठीच बनल्यासारखी होती. ब्रिटनमधला नीश झीरो २०१७ मध्ये लोकवर्गणीतून आला. त्यात ६३ मिलिमीटरचा माझ्झरचाच शंकू आणि आत अडकणारी भुकटी अर्ध्या ग्रॅमच्या आत. त्यामागोमाग डीएफ६४ सारखे चिनी बनावटीचे, रबरी भाता दाबून उरलेली भुकटी बाहेर काढायचे ग्राइंडर स्वस्तात मिळू लागले. हॉपर गेला तसा बियांवरचा बियांचा भारही गेला, आणि शेवटच्या काही बिया आत उड्या मारत राहतात. दळण तेवढ्यापुरतं बदलतं. त्यासाठी तोंडाशी झाकणचकती असते, ती काढून ठेवू नये.

निगा फारशी अवघड नाही. रोज दोन शॉट म्हणजे ३६ ग्रॅम, वर्षाला तेरा किलो. चकत्या काही शे किलो सहज झेलतात. त्यामुळे घरी झिजेपेक्षा तेलाचा प्रश्न मोठा. महिन्यातून एकदा, गडद भाजलेल्या बिया असतील तर पंधरवड्याला, प्लग काढून वरची चकती उघडावी आणि कोरड्या ब्रशने, जमल्यास व्हॅक्यूमने साफ करावं. पाणी लावायचं नाही, पोलाद गंजतं. तांदूळ दळून सफाई करायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा कठीण असतो आणि त्याचं पीठ कोपऱ्यात बसतं. चिकोरी तर अजिबात घालू नये, ती ओल धरून चिकटते. फिल्टर कॉफीची चिकोरी मिसळलेली पूड माटुंग्याच्या दुकानातूनच दळून आणावी. वेलदोड्याचा वासही आठवडाभर जात नाही.

परत बसवताना चकती आधी उलटी फिरवावी. आटे टक्‌ असा आवाज करून बसले की मगच सुलटी आवळावी, नाहीतर आटे तिरके चढतात. चकतीखाली भुकटीचा कण राहिला तरी ती तिरकी बसते. तीनही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करावेत. शेवटी बिया न घालता मोटर चालू करून हळूहळू बारीककडे जावं. धातूचा पहिला चिरका आवाज आला की ते शून्य. तिथून लगेच मागे यायचं.

परदेशातून परतताना ग्राइंडर आणणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. अमेरिकेतला १२० व्होल्टचा ग्राइंडर ट्रान्सफॉर्मरवर चालतो, पण ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्‌झ देत नाही. इंडक्शन मोटर इथे सहाव्या हिश्श्याने संथ फिरते आणि जास्त तापते. टायमरवर लावलेलं वजनही चुकतं. कॅफेचा जुना ग्राइंडर घेणार असाल तर आधी चालू करून बघा. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर गेलाय. ते काम स्वस्तात होतं. पण त्याआधी मागची पाटी वाचा, कारण बारसाठी बनलेले काही ग्राइंडर थ्री-फेजचे असतात आणि घरच्या सॉकेटवर ते चालत नाहीत.