अडॅप्टरचा नंबर वेगळा, ट्यूनरची ओळख वेगळी

लिनक्सवर दोन-तीन टीव्ही ट्यूनर लावणाऱ्याची तक्रार ठरलेली असते. काल रेकॉर्डिंग नीट होत होतं, यंत्र रीस्टार्ट झालं, ट्यूनरचे नंबर बदलले आणि आज फाईल रिकामी. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: ‘अडॅप्टर_एनआर द्या किंवा यूडेव्हचा नियम लिहा, दोन्ही एकच.’ अडॅप्टर_एनआर म्हणजे ड्रायव्हरला (ट्यूनर चालवणाऱ्या प्रोग्रामला) नंबर सांगणारा पर्याय, आणि यूडेव्ह म्हणजे डिव्हाइस सापडलं की लिहिलेल्या नियमांप्रमाणे त्याची व्यवस्था लावणारा लिनक्सचा भाग. हे ‘दोन्ही एकच’ वाचून वाचून मी वैतागलो आहे.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ट्यूनरना सापडतील त्या क्रमाने अडॅप्टर०, अडॅप्टर१ असे नंबर देतो, आणि प्रत्येकाच्या फोल्डरात फ्रंटएंड (सिग्नल पकडणारं), डीमक्स (त्यातून हवा तो भाग वेगळा काढणारं), डीव्हीआर (तो वाचायला देणारं) अशी डिव्हाइस असतात, हे तुम्हाला माहीत असणारच. अ‍ॅनालॉग कार्डांना व्हिडिओ०, व्हिडिओ१ मिळतात आणि तिथे अडॅप्टर_एनआरसारखाच व्हिडिओ_एनआर असतो, एवढाच फरक. पुढे जाऊ.

अडॅप्टर_एनआर हा ड्रायव्हरचा पर्याय आहे, ट्यूनरचा नाही. लोक अडखळतात ते इथेच. मोडप्रोबच्या (ड्रायव्हर चढवणाऱ्या कमांडच्या) सेटिंग फाईलमध्ये एखाद्या ड्रायव्हरपुढे तुम्ही ‘२,३’ लिहिता तेव्हा पहिल्या कार्डाला २ आणि दुसऱ्याला ३ मिळेल असं वाटतं. पण पहिलं कोणतं? ड्रायव्हर एखादं कार्ड नोंदवायला आणतो, कर्नल यादी डावीकडून वाचतो आणि त्यातला पहिला मोकळा नंबर त्याला देऊन टाकतो. कार्ड कोणतं, कुठल्या स्लॉटमध्ये आहे, त्याला कुठली केबल जोडली आहे, यातलं काहीही तो विचारत नाही. खुर्च्यांवर नंबर टाकले, पण कोणी कुठे बसायचं ते लिहिलंच नाही, तसं हे. यादीतले सगळे नंबर आधीच गेलेले असतील तर तो तक्रारही करत नाही, पुढचा कुठलातरी मोकळा नंबर देतो.

म्हणजे दोन कार्डांचे ड्रायव्हर वेगळे असतील तर अडॅप्टर_एनआर चोख काम करतो. एका ड्रायव्हरला ०, दुसऱ्याला १, विषय संपला. अशा ठिकाणी यूडेव्हचे नियम लिहीत बसणाऱ्यांचंही मला नवल वाटतं. पण दोन ट्यूनर एकाच ड्रायव्हरचे असतील, तर ‘०,१’ लिहिणं आणि काहीच न लिहिणं यात जवळजवळ फरक नाही.

मग हा गैरसमज टिकतो कसा? मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या पीसीआय कार्डांमुळे. ती बसवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या जोडणीवर, ज्या क्रमाने बसलेली असतात, बहुतेक वेळा त्याच क्रमाने ड्रायव्हरच्या हाती लागतात. त्यामुळे वर्षानुवर्षं नंबर बदलत नाहीत आणि मालकाला वाटतं, आपल्या त्या एका ओळीमुळेच सगळं जागेवर आहे. यूएसबीला तसा क्रम नसतो. माझ्याकडे एकाच बनावटीच्या दोन यूएसबी काड्या (यूएसबीत खोचायचे छोटे ट्यूनर) होत्या, एक अँटेनाला जोडलेली, दुसरी केबलला. ‘०,१’ लिहून मी निर्धास्त होतो. दर दोन-तीन रीस्टार्टनंतर त्यांची अदलाबदल व्हायची आणि ट्यूनर अँटेनावर केबलचे चॅनेल शोधत बसायचा.

यूडेव्ह उलट बाजूने येतो. त्याचा नियम विशिष्ट ट्यूनर ओळखतो: सीरियल नंबरवरून, पीसीआय पत्त्यावरून किंवा यूएसबीच्या पोर्टवरून. पण तो नंबर बदलत नाही! जुन्या नियमांत ‘नेम’ लिहून डिव्हाइसचं नाव बदललेलं दिसतं. ते आता फक्त नेटवर्क इंटरफेसला चालतं. बाकी डिव्हाइसना यूडेव्ह फक्त जादा सिमलिंक, म्हणजे खऱ्या डिव्हाइसकडे नेणारं दुसरं नाव, देतो. खाली अडॅप्टर० असो की १, वरची लिंक योग्य ट्यूनरकडेच जाते.

नियम लिहिताना लोक एका फोल्डराला लिंक करू पाहतात. यूडेव्ह फोल्डर ओळखत नाही. फ्रंटएंड, डीमक्स, डीव्हीआर या प्रत्येकाला स्वतंत्र लिंक लागते. डिव्हाइसचा प्रकार आणि क्रमांक कर्नल व्हेरिएबलमधून देतो, ते लिंकच्या नावात वापरले की एका नियमात सगळं भागतं. दुसरं, डिव्हाइसची माहिती दाखवणाऱ्या ‘यूडेव्हएडीएम इन्फो’ (udevadm info) या कमांडच्या लांबलचक आउटपुटमधून एक गुण एका पालक डिव्हाइसचा (ज्याला ट्यूनर जोडलेला आहे त्या वरच्या डिव्हाइसचा) आणि दुसरा गुण दुसऱ्या पालकाचा उचलू नका. पालकांवरच्या सगळ्या अटी एकाच पालकाला लागू व्हाव्या लागतात, नाहीतर नियम गुपचूप निकामी होतो.

सीरियलवर आंधळा विश्वास नको. स्वस्त काड्यांना सीरियल नसतो, किंवा सगळ्यांचा एकच असतो. तिथे पोर्टवरून ओळखा आणि काडी त्या पोर्टातून हलवू नका. पीसीआय पत्ता तसा भरवशाचा, पण वेगळ्या स्लॉटमध्ये नवं कार्ड घातलं की बसचे क्रमांक सरकू शकतात.

काही प्रोग्राम ‘अडॅप्टर’ आणि पुढे आकडा एवढंच ओळखतात, ‘केबल-ट्यूनर’ असलं सुंदर नाव त्यांना चालत नाही. त्यांच्यासाठी मी लिंक ज्यात ठेवतो त्या फोल्डराला अडॅप्टर१२ असा लांबचा आकडा देतो. मग प्रोग्रामला तोच ट्यूनर दोनदा दिसू शकतो, खऱ्या नंबरानेही आणि लिंकनेही. खऱ्या नंबरांच्या नोंदी तिथे बंद करून टाकायच्या.

आणि स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप १०’ घालून ड्रायव्हर एकेक करून चढवण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नका. एकाच ड्रायव्हरच्या दोन काड्या त्याने वेगळ्या होत नाहीत, फक्त यंत्र दहा सेकंद उशिरा सुरू होतं.