शोकेसमधला पावसाळा

गणपती गेले की ऐरोलीतल्या आमच्या घरी माझ्या सुपरहिरोंच्या मूर्तींची शोकेस उघडायचा कार्यक्रम असतो. जूनमध्ये काच लावायची ती सप्टेंबरातच सरकवायची, मधले महिने नुसतं बाहेरून बघायचं. यंदा काच सरकवली तर आधी वास आला, नवी चप्पल खोक्यातून काढताना येतो तसा. मग फूटभर उंचीच्या एका हिरोला उचललं आणि बोटं त्याच्या खांद्याला चिकटली. कॉमिक्समध्ये उडणारी त्याची केप, तिच्यावर धूळ अशी बसली होती की फुंकून जाईना. शेजारचा दगडी वाटणारा बस्ट, म्हणजे छातीपर्यंतचा पुतळा, मात्र ठणठणीत.

"मामा, याला तेल कोणी लावलं?" भाच्याने विचारलं.

तेलच होतं ते. फक्त बाहेरून लागलेलं नव्हतं, आतून आलं होतं.

केप पीव्हीसीची. पीव्हीसी मुळात कडक, बाथरूममधला पाइप त्याचाच. त्याला मऊ करायला त्यात तेलासारखा द्रव मिसळतात, प्लास्टिसायझर. हे बहुतेकदा थॅलेट गटातलं रसायन असतं. ते पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांच्या मधे शिरून बसतं आणि साखळ्या एकमेकींवरून घसरायला लागतात, म्हणून केप वाकते. पण साखळीशी त्याचं रासायनिक नातं काही जुळलेलं नसतं. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं, जागा मिळाली म्हणून टेकलंय. उष्णता वाढली की हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतं. हवा खेळती असेल तर तिथून उडून जातं, बंद कपाटात तिथेच साचतं. म्हणजे चार महिने काच लावून मी जी काळजी घेतली, तिनेच घोटाळा केला होता.

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ ब्रशने धुतलं की चिकटपणा जातो. कायमचा नाही. आणि आतलं तेल पुरेसं निघून गेलं की केप चिकट राहत नाही, ठिसूळ होते. संग्रहालयांनाही हे कोडं पडलेलं आहे. प्लास्टिकच्या वस्तू कशा टिकवायच्या, एवढ्याच प्रश्नासाठी युरोपात २००८ ते २०१२ या काळात पोपार्ट नावाचा संशोधन प्रकल्प चालला. दगड, लाकूड, कापड यांचं जतन कसं करायचं याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, प्लास्टिकचा त्यामानाने कालचा.

ठणठणीत राहिला तो पॉलिस्टोनचा. नावात दगड असला तरी हे रेझिनच, म्हणजे द्रव रूपात ओतून घट्ट होणारं प्लास्टिक, त्यात चुनखडीसारख्या दगडाची भुकटी कालवलेली. वजनाने साठ टक्के भुकटी घातली तर घनता पाण्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास जाते, म्हणून तो हातात जड लागतो. या जडपणाचं गणित नवख्याला हमखास फसवतं. सहा फुटी नायक एक षष्ठांश मापात ३० सेंटीमीटरचा होतो आणि एक चतुर्थांश मापात ४६ चा. उंची दीडपट, पण लांबी, रुंदी, जाडी तिन्ही वाढल्याने वजन सव्वातीन पटीहून जास्त. आमच्या शोकेसची मधली फळी हे गणित शिकूनच वाकली.

तुर्भे-रबाळे पट्ट्यात ट्रॉफ्या ओतणारे एक ओळखीचे गृहस्थ सांगतात, पॉलियुरेथेन रेझिन जुलैत पावासारखं फुगतं. यात अतिशयोक्ती नाही. या रेझिनचा एक भाग आयसोसायनेट असतो. त्याला दुसऱ्या भागाशी जुळायचं असतं, पण वाटेत पाण्याचा रेणू भेटला की तो त्याच्याशीच जुळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. खाडीकाठच्या पावसाळ्यात पाणी हवेत आहे, भुकटीत आहे, ढवळायच्या लाकडी पट्टीतही आहे. म्हणून ते गृहस्थ भुकटी आधी भट्टीत तापवून कोरडी करतात.

पॉलिस्टोनचे आजार सावकाश येतात. अतिनील किरणांनी रेझिन पिवळं पडतं. पायातून लोखंडी सळई घातली असेल आणि तिला दमट हवा पोचली, तर गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि घोट्याला उभी चीर पडते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या स्लॅबचं प्लास्टर ज्या कारणाने पडतं, तेच हे कारण. रेझिनमध्ये ब्राँझची पूड मिसळून केलेला बस्ट असेल तर ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलातून जो कुजट वास येतो, त्याची भीती. तो हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं करतो. आमच्या एसीची तांब्याची कॉइल गेली तेव्हा मेकॅनिकने खिडकीबाहेर बोट दाखवून एवढंच म्हटलं होतं, "खाडीची हवा."

पण या छंदाचं पुढे काय होणार, हे माझ्या शोकेसवर फारसं ठरणार नाही. ते भाच्याच्या बाल्कनीत ठरतंय.

तिथे मिक्सरपेक्षा थोडा मोठा एक रेझिन प्रिंटर आहे. प्रकाशाने द्रव घट्ट करत थरावर थर चढवायची कल्पना जपानमधल्या हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये मांडली आणि अमेरिकेत चक हल यांना तिच्या एका रूपाचं पेटंट १९८६ मध्ये मिळालं. भाच्याच्या यंत्रात लेझर नाही. खाली ४०५ नॅनोमीटरचा जांभळट प्रकाश, त्यावर मोबाइलसारखा पडदा. पडदा त्या थराचा आकार तेवढा उघडा ठेवतो, बाकी झाकतो. एक थर ०.०५ मिलिमीटरचा. २० सेंटीमीटरच्या बस्टला ४००० थर लागतात, आणि थराला आठ सेकंद धरले तर जवळजवळ नऊ तास. गंमत अशी की शेजारी आणखी तीन बस्ट मावत असतील तरी नऊच तास, कारण अख्खा थर एकदम घट्ट होतो.

आता पॉलिस्टोनची मूर्ती ओततात तो साचा बघा. सिलिकॉनच्या साच्यात रेझिन घट्ट होताना तापतं आणि दर वेळी साच्याला थोडं खातं. कान, बोटं, मुखवट्याची टोकं अशा बारीक जागा आधी फाटतात. एका साच्यातून काही डझन नग नीट निघाले तर नशीब. मोठ्या कंपन्या मूळ मूर्तीवरून नवनवे साचे काढतात, त्यामुळे एकूण किती नग काढले हा त्यांनी तळाशी लिहिलेला आवृत्तीचा आकडा हा धंद्याचा निर्णय असतो. छोट्या कलाकाराचा "पन्नासच नग" मात्र बऱ्याचदा साच्यानेच ठरवलेला असायचा. प्रिंटरला मूर्तीचा आकार सांगणाऱ्या फाइलला ही मर्यादा नाही. तिचा पाचशेवा नग पहिल्याइतकाच धारदार.

नक्कल ओळखायची एक जुनी युक्तीही यात निकामी होते. सिलिकॉन आणि रेझिन दोन्ही घट्ट होताना किंचित आक्रसतात, म्हणून विकत घेतलेल्या मूर्तीवरून चोरून काढलेला नग अस्सलपेक्षा जरा बुटका भरतो. आक्रसणं शेकडा अर्धं धरलं तरी ३०० मिलिमीटरच्या मूर्तीत दीड मिलिमीटरचा फरक, व्हर्नियर कॅलिपरला सहज सापडणारा. चोरलेल्या फाइलवरून काढलेला नग असा सापडणार नाही. मग अस्सल कशाला म्हणायचं? माझं मत विचाराल तर रंगकामाला. गालाच्या सावलीत एअरब्रश किती वेळा फिरला, हे अजून फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. भाच्याला हे पटत नाही.

त्याचा पहिला बस्ट त्याने मे महिन्यात मला दिला होता. रेझिन वाचवायला आतून पोकळ केलेला, भिंत दोन-तीन मिलिमीटरची. चिकट खांदा धुऊन झाल्यावर मी तो उचलला, तर मानेपासून छातीपर्यंत केसासारखी चीर होती आणि खाली फळीवर मधासारखा थेंब. आत कच्चं रेझिन अडकून राहिलं होतं. तिथे प्रकाश पोचला नाही, त्यामुळे ते घट्ट झालंच नाही, आणि चार महिने आतून भिंत सैल करत बसलं. मी बोट लावणार तेवढ्यात भाचा ओरडला. कच्च्या रेझिनची त्वचेला ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की ती सहसा जात नाही. हातमोजे घालून त्याने तो थेंब टिश्यूने टिपला, टिश्यू बेसिनकडे न नेता उन्हात ठेवला. दुपारपर्यंत त्याचा कडक गोळा झाला होता.

"फाइल आहे मामा. यावेळी तळाला दोन भोकं ठेवतो, आतून अल्कोहोलने धुतो आणि आत एलईडी सोडून पक्का करतो."

रविवारी तो नवा बस्ट घेऊन आला. चीर गेलेला मी टाकला नाही, चिंधीत गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवलाय. त्याच्या गालाची सावली जास्त चांगली आहे. येत्या जूनमध्ये काच दोन बोटं उघडी ठेवणार आहे. धूळ बसेल, ती ब्रशने निघते.