तोतया आदिवासी (उत्तर अमेरिका)

आदिवासी कुळाशी काडीचाही संबंध नसताना स्वतःला आदिवासी म्हणवून घेण्याची, उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या समाजात रुजलेली प्रथा. अशा माणसाला तिकडे ‘प्रिटेंडियन’ म्हणतात. ‘प्रिटेंड’ म्हणजे सोंग घेणे आणि ‘इंडियन’ (म्हणजे इथे तिथले आदिवासी, भारतीय नव्हे) यांचा हा जोडशब्द. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पाहिलेल्या मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही.

सोंग जुने आहे. १७७३ मध्ये बॉस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकणाऱ्यांनी मोहॉक या आदिवासी लोकांचा वेष केला होता. १८३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘इम्प्रूव्हड ऑर्डर ऑफ रेड मेन’ या संघटनेत पदव्या आणि विधी आदिवासी धाटणीचे होते, सभासदत्व मात्र १९७४ पर्यंत फक्त गोऱ्यांना मिळे.

सर्वांत गाजलेला तोतया ‘ग्रे आउल’. खरे नाव आर्चिबाल्ड बेलानी, जन्म १८८८, इंग्लंडमधील हेस्टिंग्ज. सतराव्या वर्षी तो कॅनडाला गेला आणि तेमागामी तलावाकाठच्या ओजिब्वे लोकांकडून रानात राहायला शिकला. पुढे तो आपली आई अपाची असल्याचे सांगू लागला. केस काळे रंगवायचा, कातडी तांबूस दिसावी म्हणून मेंदी लावायचा. मोहॉक पत्नी अनाहारिओ हिच्या आग्रहाने त्याने बीव्हर या पाण्याकाठी घर बांधणाऱ्या, केसाळ प्राण्याची शिकार सोडली. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील अजावान तलावावरच्या त्याच्या लाकडी घरात बीव्हरांनी थेट आतपर्यंत आपले घर बांधले होते. त्याचा हा जिव्हाळा खरा होता, हे मान्यच करायला हवे. पिसांच्या शिरोभूषणात त्याने ब्रिटन निसर्गरक्षणावरच्या व्याख्यानांनी गाजवले आणि १९३७ मध्ये राजा सहावा जॉर्ज याच्यासमोरही तो बोलला. एप्रिल १९३८ मध्ये तो वारला आणि लगेच बिंग फुटले. पहिली पत्नी अँजेल एग्वुना हिला तो इंग्रज असल्याचे ठाऊक होते. तिच्याकडून कळलेली हकिगत एका स्थानिक वृत्तपत्राने तीन वर्षे छापली नव्हती.

या प्रकरणातला खरा अन्याय वेगळाच आहे. आदिवासींसाठीच्या कॅनडाच्या ‘इंडियन ॲक्ट’ कायद्यातील १९१४ च्या दुरुस्तीनुसार सस्कॅचवानमधल्या आदिवासीला पारंपरिक पोशाखात जाहीर कार्यक्रमात उतरण्यासाठी सरकारी परवानगी लागत असे. १९२७ पासून जमिनीच्या दाव्यासाठी परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणे हाही गुन्हा ठरला. निवासी शाळांत मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत होती. त्याच काळात, त्याच प्रांतात बेलानी त्याच पोशाखासह सरकारी पगारावर होता. लोकांना हवा असलेला, मनातल्या चित्राबरहुकूम ‘इंडियन’ त्याच्या रूपाने मिळाला, म्हणून खऱ्यांचे ऐकण्याची निकड कुणालाच वाटली नाही.

अमेरिकेत याचे घरगुती रूप म्हणजे ‘आमची पणजी चेरोकी राजकन्या होती’ ही कहाणी. चेरोकींमध्ये राजघराणेच नव्हते. चेरोकी नेशन या चेरोकींच्या आदिवासी राष्ट्राचे नागरिकत्व हवे असेल, तर चेरोकींच्या डॉज याद्यांत (अमेरिकी सरकारने केलेल्या जुन्या नोंदवह्यांत) नोंदलेल्या पूर्वजाचे आपण थेट वंशज आहोत हे कागदोपत्री दाखवावे लागते. डीएनए चाचणी तिथे चालत नाही.