मी पुन्हा येईन

महाराष्ट्राच्या राजकारणातून रोजच्या बोलण्यात उतरलेला वाक्प्रयोग. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०१९च्या पावसाळी अधिवेशनात, म्हणजे तेराव्या विधानसभेच्या शेवटच्या अधिवेशनात, भाषण करताना हे शब्द कवितेच्या धृपदासारखे वापरले. याच निर्धाराने, याच भूमिकेत, याच ठिकाणी परत येण्याची ती ग्वाही होती. पुढे दुष्काळमुक्ती, शेतकरी, युवक असे एकेक कलम येई आणि त्याला धृपद जोडलेले असे. ती कलमे आज फारशा कुणाला आठवत नाहीत. लोकांच्या तोंडी राहिले ते धृपद.

त्याला भाषेचेही कारण आहे. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ. तो ‘येतो’ म्हणतो, बाई ‘येते’ म्हणते. गणपतीला निरोप देतानाही पुढच्या वर्षी लवकर यायलाच सांगितले जाते. जाताना येण्याची भाषा करणे हा मुळातच अंगवळणी पडलेला रिवाज, त्यामुळे वाक्य नवे असले तरी त्याची चाल ओळखीची होती. एरवी आपण ‘परत येतो’ म्हणतो. ‘पुन्हा’ या शब्दाने त्याला थोडा व्यासपीठाचा आव आला आणि नक्कल करणाऱ्यांना तेवढे पुरले. शिवाय ‘येईन’ला लिंग नाही. मुलगा, मुलगी, पाऊस, कुणीही एक अक्षर न बदलता ते म्हणू शकतो.

तरीही निकाल सरळ लागला असता तर हे वाक्य प्रचाराच्या घोषणांबरोबर विरून गेले असते, असे मानायला जागा आहे. ऑक्टोबर २०१९च्या निवडणुकीत भाजपला १०५ जागा मिळाल्या, पण मुख्यमंत्रिपदावरून शिवसेनेशी बिनसले. राष्ट्रपती राजवट आली. २३ नोव्हेंबरला सकाळी राजभवनात फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला (लोक त्याला ‘पहाटेचा’च म्हणतात) आणि सुमारे ८० तासांत राजीनामाही आला. येईन म्हणणारा आला आणि लगेच गेला, यासारखा विनोद रचूनही सापडला नसता. त्याच सुमारास राज्यात अवकाळी पाऊस ठाण मांडून बसला होता. त्याच्याही तोंडी लोकांनी हेच वाक्य घातले.

१ डिसेंबर २०१९ रोजी फडणवीस विरोधी पक्षनेते झाले, तेव्हा अभिनंदनाच्या भाषणांतूनच टोले सुरू झाले. पुन्हा येईन म्हणाले, पण सभागृहात कुठे बसणार ते सांगितले नव्हते, अशी कोटी जयंत पाटील यांनी केली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी, आपण तसे कधी म्हटले नव्हते तरी आलो, असा चिमटा काढला. फडणवीस यांचे उत्तर होते, येईन म्हणालो होतो, वेळापत्रक दिले नव्हते. बोचणारे वाक्य झटकून न टाकता त्यांनी ते आपलेच म्हणून ठेवले. त्यामुळे पुढे ते विरोधकांच्याही कामाचे राहिले आणि समर्थकांच्याही.

जून २०२२च्या सत्तांतरानंतर ते उपमुख्यमंत्री झाले. ४ जुलैला, एकनाथ शिंदे सरकारने विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी जिंकला त्या दिवशी, आपली टिंगल झाली होती याची आठवण त्यांनी सभागृहाला दिली आणि आपण येताना शिंदे यांनाही सोबत घेऊन आलो, असे सुनावले. तरी ‘याच ठिकाणी’ हा शब्द तेव्हाही बाकीच होता. तो ५ डिसेंबर २०२४ रोजी आझाद मैदानावरील मुख्यमंत्रिपदाच्या शपथविधीने पुरा झाला.

याच काळातील इतर वाक्यांची घडण वेगळी आहे. राज ठाकरे यांचे ‘लाव रे तो व्हिडिओ’ (२०१९) ही सभेत दिलेली साधी सूचना होती. सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचे ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ (२०२२) हे गुवाहाटीहून केलेल्या फोनवरचे बोलणे. त्याची सगळी गंमत माणदेशी हेलात आहे आणि प्रमाण मराठीत म्हटले तर ते मेलेच.

‘मी पुन्हा येईन’ आता राजकारणाबाहेरही चालते. पोटभर जेवून गल्ल्यावर पैसे देणारे गिऱ्हाईक ते म्हणते, विषय राहिलेला विद्यार्थीही म्हणतो. ‘मी पुन्हा आलो’ हे रूप मात्र तसे रुळले नाही.