रिलीज नोट

सॉफ्टवेअर कंपनी आपल्या प्रणालीची नवी आवृत्ती काढते तेव्हा ग्राहकांसाठी एक लेखी टिपणही काढते. आवृत्तीत काय बदलले, कोणते दोष दूर झाले, कोणते अजून शिल्लक आहेत आणि ती चढवण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, हे त्यात सांगितलेले असते. या टिपणाला रिलीज नोट म्हणतात. व्यावसायिक ग्राहकांना जाणाऱ्या पत्रात त्याला जोडूनच कंपनीच्या बातम्या येतात : नवी सेवा, बदललेले वार्षिक शुल्क, जुन्या आवृत्तीला मदत देणे कोणत्या तारखेला थांबणार. वापराच्या छोट्या तांत्रिक सूचनाही त्यातच असतात. घरगुती वापरात हे टिपण न वाचता चालून जाते. ज्याची बिले, कराचे विवरणपत्र आणि उधारीची वसुली एकाच प्रणालीवर उभी आहे त्याला ते वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

नागपुरात अशी टिपणे लिहिणारेही आहेत आणि वाचणारेही. मिहानमध्ये टीसीएस आणि एचसीएल यांची केंद्रे आहेत, परसोडीच्या आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्स आहे. दुसरीकडे इतवारी, गांधीबाग, मस्कासाथ हे ठोक बाजार, कळमन्याची बाजार समिती, वाडीची गोदामे, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहती. इथे हिशेबाची, साठ्याची आणि बिलिंगची तयार सॉफ्टवेअरे घेऊन काम चालते. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या वर्गाला धरून आहे.

कंपनीचा ईमेल इंग्रजीत येतो आणि खरेदीच्या वेळी जो पत्ता दिला त्याच पत्त्यावर येतो. तो पत्ता अनेकदा मालकाच्या मुलाचा, कर सल्लागाराचा किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या स्थानिक पार्टनरचाच असतो. प्रत्यक्ष काम करणारा ऑपरेटर, म्हणजे सकाळी दुकान उघडले की संगणकासमोर बसून बिले फाडणारा माणूस, या साखळीत कुठेच नसतो. म्हणून व्यवहारात टिपण पोचते ते पार्टनरच्या व्हॉट्सॲप संदेशाने : ‘शेठजी, नवीन रिलीज आलं आहे. बॅकअप घेऊन ठेवा, उद्या एनीडेस्कवर अपडेट मारून देतो.’ एनीडेस्क म्हणजे दुसऱ्याचा संगणक दुरून चालवण्याचे साधन. काम होते, पण मूळ टिपणातल्या दोन गोष्टी वाटेत गळतात : काय बदलले, आणि ऑपरेटरने उद्यापासून काय वेगळे करायचे. नागपूरच्या बाजारात अपडेटनंतर होणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ या गळतीत आहे. आपला ईमेल पत्ता कंपनीच्या नोंदीत दुरुस्त करून घेणे आणि ऑपरेटरचा पत्ताही त्यात टाकणे हे पाच मिनिटांचे काम आहे. बाकी सगळ्या उपायांच्या आधी ते करावे.

टिपणाची सुरुवात आवृत्तीच्या क्रमांकाने होते. ठिपक्यांनी जोडलेले तीन आकडे, उदाहरणार्थ ४.२.१, ही रूढ पद्धत. पहिला आकडा बदलला तर मोठा बदल असतो आणि जुना डेटा नव्या साच्यात हलवावा लागू शकतो. दुसरा बदलला तर नवी सोय आली, पण जुने काम तसेच चालते. तिसरा बदलला तर फक्त दोषदुरुस्ती. सगळ्या कंपन्या ही शिस्त पाळत नाहीत, तरी पहिला आकडा बदललेला दिसला की घाई करू नये हे धोरण सगळीकडे लागू पडते. पुढे नव्या सोयी आणि दुरुस्त झालेल्या दोषांची यादी येते. त्याखाली बहुधा लहान अक्षरांत ज्ञात अडचणी असतात. वाचायला सुरुवात करावी ती इथून. छपाईत रकाना सरकतो, विशिष्ट प्रिंटरवर बारकोड उमटत नाही, दोनपेक्षा जास्त संगणक जोडलेले असतील तर अहवाल उघडायला वेळ लागतो, अशी कबुली कंपनीने स्वतः दिलेली असते. आपल्याकडे तोच प्रिंटर असेल तर थांबायचे की नाही, याचे उत्तर तिथेच मिळते.

भारतातल्या व्यापारी सॉफ्टवेअरला रिलीज काढायला भाग पाडणारे सर्वात मोठे कारण म्हणजे करकायदा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि त्यानंतर बदलांची रांग लागली. ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झाली. मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली आणि इतवारीतले मध्यम ठोक व्यापारीही त्यात आले. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्याहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवणे बंधनकारक झाले. त्याच दिवसापासून पोर्टलवर शिरताना पासवर्डबरोबर ओटीपी देणे सगळ्यांना सक्तीचे झाले. ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो, मालक गावाला गेलेला असतो, आणि बिल अडते. पोर्टलवर ऑपरेटरसाठी वेगळा उपवापरकर्ता तयार करून त्याचा मोबाइल क्रमांक जोडता येतो. रिलीज नोटमध्ये हीच एक ओळ ठळक छापलेली असावी.

एखादा बदल कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही, हे न सांगणारे टिपण अपुरे समजावे. कंपनी कायद्याखालील नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. हा नियम कंपन्यांसाठी आहे. एकल मालकीच्या दुकानाला किंवा भागीदारी पेढीला तो लागू नाही. अपडेटच्या संदेशात मात्र ‘एडिट लॉग आता सक्तीचा’ एवढेच पुढे सरकते आणि ज्यांना गरज नाही तेही घाबरून आवृत्ती बदलतात. फेरफाराची नोंद ठेवणे एरवीही चांगलेच, पण तो निर्णय भीतीने होऊ नये.

२२ सप्टेंबर २०२५ चा दरबदल जरा जवळून पाहण्यासारखा आहे. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरला निर्णय घेतला, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून बहुतांश वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आणल्या, आणि अंमल घटस्थापनेच्या दिवशी सुरू झाला. तयारीला तीन आठवड्यांहून कमी वेळ मिळाला. मधला बराच काळ पितृपक्षाचा, बाजार थंड, एवढाच दिलासा. गांधीबागेतल्या तयार कपड्यांच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. पूर्वी नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. नव्या रचनेत २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. त्यामुळे करापूर्वी १,८०० रुपये किंमत असलेल्या कुर्त्यावरचा कर २१६ रुपयांवरून ९० रुपयांवर उतरला, आणि शेजारीच टांगलेल्या २,८०० च्या कुर्त्यावरचा ३३६ वरून ५०४ वर चढला. इथे दर वस्तूच्या नावावर ठरत नाही, नगाच्या किमतीवर ठरतो. म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वस्तूच्या मास्टरमध्ये (मूळ नोंदीत) टप्प्याची मर्यादा आणि दर दोन्ही बदलायचे होते.

अशा वेळी मास्टरमधला ‘लागू दिनांक’ हा रकाना निर्णायक ठरतो. योग्य रीत अशी की जुन्या दराची ओळ हात न लावता तशीच ठेवायची आणि तिच्याखाली २२ सप्टेंबर २०२५ ही तारीख घालून नव्या दरांची ओळ जोडायची. घाईत ऑपरेटर जुनाच आकडा खोडून नवा लिहितो. त्या दिवशी बिले बरोबर निघतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. पुढे १५ सप्टेंबरच्या एखाद्या बिलात पार्टीचा जीएसटी क्रमांक दुरुस्त करायला ते पुन्हा उघडून जतन केले की काही प्रणालींत त्याला नवा दर लागतो. १५ तारखेला विकलेला माल परत आला तर त्याची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघायला हवी. तीही चुकीच्या दराने निघते. सप्टेंबरचे विवरणपत्र एकच, आणि त्यात दोन्ही दरांची बिले. ऑक्टोबरमध्ये जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे विवरणपत्र, भरताना बेरीज जुळत नाही तेव्हा हा गुंता उघडा पडतो. ‘दर बदलू नका, नवी तारीख जोडा’ ही एक ओळ ज्या टिपणात सर्वात वर होती ते टिपण चांगले. नव्या रंगसंगतीचे कौतुक आधी आणि ही ओळ चौथ्या पानावर, असे टिपण कंपनीच्या ग्राहकाला संकटात टाकते.

दुसरे मोठे कारण सुरक्षेचे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून सुरक्षादुरुस्त्या ठरावीक दिवशी, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी द्यायला सुरुवात केली. त्या निघतात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा, आणि त्या वेळी नागपुरात रात्रीचे साडेदहा किंवा ऋतूनुसार साडेअकरा झालेले असतात. म्हणून आपल्याकडे तो बुधवार ठरतो : दुकान उघडल्यावर संगणक आधी दुरुस्त्या बसवतो, स्वतःच बंद होऊन चालू होतो, आणि पहिले गिऱ्हाईक ताटकळते. त्या सकाळी अर्धा तास आधी यंत्र सुरू करणे एवढाच उपाय पुरतो. यावर चिडून अपडेट कायमचे बंद करणाऱ्यांनी २०१७ आठवावे. वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर ज्या त्रुटीतून शिरले तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती आणि हल्ला १२ मे रोजी झाला. जवळजवळ दोन महिने उपाय हाताशी असताना दीडशेच्या आसपास देशांतली लाखो यंत्रे कुलूपबंद झाली. विंडोज १० ला मिळणारा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे बिलिंगच्या जुन्या संगणकांचा हाच प्रश्न पुन्हा उभा आहे.

उलट बाजूही खरी आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणून एकापेक्षा जास्त संगणक असतील तर आधी एकावर, शक्यतो बिलिंगच्या नसलेल्या यंत्रावर, अपडेट चढवून एक-दोन दिवस पाहावे. सुरक्षेची दुरुस्ती यापलीकडे लांबवू नये. नव्या सोयींची आवृत्ती महिनाभर थांबली तरी बिघडत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे मात्र एक पथ्य आहे : डेटा सामायिक असेल तर सर्व यंत्रांवर एकच आवृत्ती हवी. त्यामुळे तिथली चाचणी डेटाची प्रत घेऊन, वेगळ्या फोल्डरवर करावी.

वेळ निवडताना कराचे कॅलेंडर समोर ठेवावे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची आणि जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याच्या सारांश विवरणपत्राची, २० ची. महाराष्ट्रातल्या तिमाही विवरणपत्राच्या योजनेतल्यांना ३बी साठी २२ तारीख आहे. या तारखांच्या आदल्या दिवसांत, मार्चअखेरीस आणि दिवाळीच्या हंगामात मोठी आवृत्ती चढवू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. पारा ४५ च्या घरात असताना दुपारी वीज जाणे नवे नाही, आणि डेटा नव्या साच्यात हलत असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. हे काम सकाळी करावे, यूपीएसची बॅटरी आधी तपासावी आणि लॅनवरच्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांवरच्या, सर्वांनी प्रणालीतून बाहेर पडावे.

बॅकअप घेतला, एवढ्यावर समाधान मानू नये. तो त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर डिस्क गेली की दोन्ही गेले. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर, हा रूढ नियम छोट्या दुकानालाही पेलतो : एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा घरी. घेतलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून मागच्या महिन्याची विक्री आणि एखाद्या पार्टीची बाकी जुळते का हे पाहावे. तोवर तो बॅकअप धरू नये.

अपडेटच्या नावाने फसवणूकही होते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कसारख्या दूरनियंत्रण साधनांतून होणाऱ्या फसवणुकीचा इशारा दिला होता. साधन मुळात चांगले आहे आणि दूरवरच्या ग्राहकाला मदत करायला आवश्यकही, पण त्यात दिसणारा आपल्या संगणकाचा नऊ किंवा दहा आकडी क्रमांक फक्त आपण स्वतः फोन लावलेल्या पार्टनरलाच द्यावा, काम चालू असताना पडद्यासमोर बसावे, बँकेचे पान आधी बंद करावे आणि काम संपताच जोडणी तोडावी. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (मोबाइल ॲपची) फाइल किंवा लिंक उघडून अपडेट कधीच घेऊ नये. आवृत्ती सॉफ्टवेअरच्या आतून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे. केंद्र शासनाची सर्ट-इन ही संस्था सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींच्या सूचना विनामूल्य प्रसिद्ध करते. कंपनीचा संदेश खरा की खोटा हे पडताळायला त्यांचा उपयोग होतो.

वाचून झालेली टिपणेही जपून ठेवायची असतात. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने राखावे लागतात, आणि मधल्या काळात सॉफ्टवेअरची आवृत्ती अनेकदा बदललेली असते. नव्या साच्यात हलवलेला डेटा जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही, आणि फार जुना बॅकअप थेट नव्या आवृत्तीत घेता येईलच असे नाही. म्हणून प्रत्येक वर्षअखेरच्या बॅकअपबरोबर त्या वेळच्या आवृत्तीची स्थापना-फाइल, तिची रिलीज नोट आणि अपडेट चढवल्याची तारीख एकाच फोल्डरमध्ये ठेवतात.