आर्सेनलची काटकसर आणि अमेरिकन टीम्सचं खर्चाचं गणित

आर्सेनल हा उत्तर लंडनचा फुटबॉल क्लब, आणि साधारण २००५ ते २०१३ या काळात त्याची ओळख ‘पैसा असून खर्च न करणारा क्लब’ अशी झाली होती. क्लबवाले स्वतः याला सेल्फ-सस्टेनिंग मॉडेल म्हणायचे, म्हणजे जेवढं कमवू तेवढंच उडवू, मालकाच्या खिशातून काही येणार नाही. फॅन्स मात्र सरळ चिकटपणा म्हणायचे. या धोरणाची तुलना अमेरिकन टीम्सशी, त्यातही ओकलंड ए’ज या बेसबॉल टीमशी फार वेळा होते. ती तुलना अर्धीच बरोबर आहे. कमी पैशात हुशारीने टीम बांधायची हे दोन्हीकडे सारखं, पण हात आखडता घेतल्यावर पुढे काय होतं ते दोन्हीकडे पूर्ण वेगळं.

आधी आर्सेनलकडे बघू. आर्सेन वेंगर १९९६ मध्ये मॅनेजर म्हणून आला, स्ट्रासबर्गला इकॉनॉमिक्स शिकलेला माणूस, आणि ते त्याच्या व्यवहारात दिसायचं. निकोला अनेल्काला १९९७ मध्ये पॅरिसहून ५ लाख पौंडांत आणलं आणि दोनच वर्षांनी रेआल माद्रिदला २ कोटी २० लाखांच्या वर विकलं. ओव्हरमार्स आणि पेटी २००० मध्ये बार्सिलोनाला गेले, व्हिएरा २००५ मध्ये युव्हेंटसला, ऑन्री २००७ मध्ये परत बार्सिलोनालाच. पॅटर्न असा की खेळाडू तिशीच्या आसपास आला की चांगला भाव मिळतोय तोवर सोडायचा, आणि जे तिशी ओलांडून राहतील त्यांना शक्यतो एकेका वर्षाचंच कॉन्ट्रॅक्ट. हे सगळं टीम जिंकत असताना चाललं होतं बरं का, २००३-०४ च्या लीगमध्ये तर आर्सेनल एकही मॅच हरली नाही. म्हणजे काटकसर ही पहिल्यापासून स्वभावात होती, नंतर ती सक्तीची झाली.

सक्ती आली ती स्टेडियममुळे. जुन्या हायबरीत जेमतेम ३८ हजार माणसं बसायची आणि तिकडे मँचेस्टर युनायटेड दर मॅचला जवळपास दुप्पट तिकिटं विकत होती, तेव्हा ६० हजारांचं नवं एमिरेट्स स्टेडियम बांधायचं ठरलं. ते २००६ मध्ये सुरू झालं, खर्च सुमारे ३९ कोटी पौंड, त्यातलं २६ कोटी कर्ज. एमिरेट्स या एअरलाइनकडून शर्ट आणि स्टेडियमच्या नावाचे मिळून १० कोटी पौंड आधीच ठरवून घेतले होते, बांधकामाला पैसा हवा होता म्हणून, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं बाकीचे क्लब स्पॉन्सरशिपचे रेट वाढवत गेले आणि आर्सेनल जुन्याच भावात अडकून पडली. हायबरीच्या जागेवर फ्लॅट बांधून विकायचे होते तर २००८ ची मंदी आली. आणि या सगळ्याच्या मधोमध २००३ मध्ये रशियन अब्जाधीश अब्रामोविचने चेल्सी घेतली, २००८ मध्ये अबुधाबीने मँचेस्टर सिटी. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याच्या शेजारी दोन जण नवे गालिचेच घेऊन आले, तसं झालं हे.

आता ओकलंड. या टीमचा तेव्हाचा जनरल मॅनेजर बिली बीन हा स्वतः फुटबॉलवेडा आणि वेंगरचा उघड चाहता, पुढे डच क्लब एझेड अल्कमारचा सल्लागारही झाला, त्यामुळे तुलना नुसती पत्रकारांनी लावलेली नाही. २००२ च्या सीझनमध्ये ओकलंडचा पगाराचा खर्च सुमारे ४ कोटी डॉलर आणि न्यूयॉर्क यँकीजचा सुमारे साडेबारा कोटी, आणि दोघांनी मॅच जिंकल्या तेवढ्याच, १०३. ओकलंडने त्यात सलग २० जिंकल्या. युक्ती अशी की बाजारात ज्या गुणांना कमी भाव आहे, उदाहरणार्थ फटका न मारता बेसवर पोचायची क्षमता, ते आकडेवारीतून शोधायचे आणि स्वस्तात उचलायचे. दोन्ही टीम्सची गोची पण एकच, लांबच्या सीझनमध्ये वर राहायच्या पण ट्रॉफी मिळायची नाही. आर्सेनल २००५ च्या एफए कपनंतर थेट २०१४ मध्ये हल सिटीला ३-२ हरवून कप जिंकली, नऊ वर्षं कपाट रिकामं. वेंगरने पहिल्या चारात येणं हीसुद्धा एक ट्रॉफीच आहे असं म्हटलं त्याची आजही टिंगल होते. मला ते वाक्य तितकं हास्यास्पद वाटत नाही, कारण चौथ्या नंबरमुळे चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा, आणि त्या पैशातून कर्जाचा हप्ता. सलग २० सीझन तो पहिल्या चारात राहिला.

पण इथून पुढे रस्ते फुटतात. बेसबॉलमध्ये तरुण खेळाडू साधारण सहा सीझन पहिल्या क्लबच्या ताब्यात असतो, त्यातली सुरुवातीची वर्षं तर अगदी कमी पगारात, आणि ओकलंडचं निम्मं गणित या नियमावर उभं होतं. फुटबॉलमध्ये १९९५ च्या बॉसमन निकालानंतर कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू फुकट निघून जाऊ शकतो, म्हणजे शेवटचं वर्ष उरलं की क्लबच्या हातात काहीच राहत नाही. नासरी २०११ मध्ये आणि व्हॅन पर्सी २०१२ मध्ये नेमके असेच गेले, एकेक वर्ष शिल्लक असताना. व्हॅन पर्सी तर २ कोटी ४० लाखांत मँचेस्टर युनायटेडला गेला आणि पहिल्याच सीझनला त्यांना लीग जिंकून दिली. त्याआधी २००९ मध्ये अडेबायोर आणि कोलो टूरे सिटीला, २०११ मध्ये फाब्रेगास बार्सिलोनाला. ऑगस्ट २०११ मध्ये युनायटेडकडून ८-२ असा मार खाल्ला तेव्हा टीममध्ये काय उरलं होतं ते सगळ्यांनी बघितलं.

गंमत म्हणजे असं रोख पैसे घेऊन स्टार विकणं ओकलंडला जमलंच नसतं, कारण त्यांनी एकदा करून पाहिलं होतं. १९७६ मध्ये तेव्हाचा मालक चार्ली फिनलीने तीन मोठे खेळाडू बॉस्टन आणि यँकीजला मिळून ३५ लाख डॉलरला विकले आणि कमिशनर बोवी कूनने तो सौदाच रद्द केला, कारण काय तर खेळाचं हित. अमेरिकेत खेळाडूच्या बदल्यात खेळाडू असा ट्रेड चालतो, नुसत्या पैशाने प्रतिस्पर्ध्याची टीम विकत घेणं लीगला पसंत नाही. युरोपात तेच तर रोजचं आहे.

मूळ फरक लीगच्या रचनेत आहे. अमेरिकन लीगमधून कुणी खाली जात नाही. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, टीव्हीचा राष्ट्रीय पैसा सगळ्यांना सारखा वाटतात आणि १९९४ पासून पगाराला कडक कॅप, म्हणजे वरची मर्यादा, आहे. बास्केटबॉलच्या एनबीएची कॅप थोडी लवचिक, बेसबॉलला कॅपच नाही, फक्त मर्यादेपुढे गेलं की लक्झरी टॅक्स, म्हणून तर यँकीज आणि ओकलंड एवढी दरी राहते. वर ड्राफ्ट, म्हणजे जी टीम वाईट खेळेल तिला साधारणपणे पुढच्या तरुणांमधला चांगला मोहरा आधी. आपल्याकडे आयपीएलची बांधणी याच धर्तीची आहे, ठरलेली पर्स, ऑक्शन, आणि तळाला राहिलात तरी पुढच्या वर्षी हजर. यातून अमेरिकेत काटकसरीचा एक असा प्रकार निघाला जो इंग्लंडमध्ये आत्महत्या ठरेल: मुद्दाम हरायचं. ह्युस्टन अ‍ॅस्ट्रोज २०११ ते २०१३ सलग तीन वर्षं शंभरच्या वर मॅच हरले, पगार तळाला नेले, ड्राफ्टमधून पोरं गोळा केली आणि २०१७ मध्ये चॅम्पियन झाले (पुढे त्यांची साइन चोरायची, म्हणजे समोरच्या टीमच्या खुणा चोरून बघायची, भानगड बाहेर आली ते वेगळं). फिलाडेल्फिया ७६र्सनी बास्केटबॉलमध्ये हेच केलं, २०१५-१६ मध्ये ८२ पैकी १० जिंकले, आणि टीमची किंमत काही बुडाली नाही.

इंग्लंडमध्ये अशी तीन वर्षं काढली तर क्लब दोन डिव्हिजन खाली असेल. आणि उलट बाजू, जास्त खर्चून तोंडावर आपटलं तरी खालीच. लीड्स युनायटेड २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला होती, पुढच्या वर्षांच्या कमाईच्या भरवशावर कर्ज काढलं होतं, कमाई आली नाही, २००४ मध्ये रेलिगेट, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलली गेली, आणि २००७ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. पोर्ट्समथ २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये, असतानाच अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीच्या कारवाईत, गेली. आर्सेनलचं बोर्ड ही उदाहरणं डोळ्यासमोर ठेवून वागत होतं, आणि तिथपर्यंत त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलं ते नंतर, कर्जाचा ताण सैल झाल्यावरही सवय सुटेना. २०१३ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या सुआरेझसाठी ४ कोटी १ पौंडाची बोली लावली, वरचा एक पौंड कॉन्ट्रॅक्टमधलं कलम जागं करायला, लिव्हरपूलने विकला नाही. मग सीझनची पहिलीच मॅच घरच्या मैदानावर अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१ हरली, स्टँडमधून खर्च करा म्हणून ओरडा सुरू झाला, आणि महिना उलटायच्या आत ओझिल ४ कोटी २५ लाखांना आला.

स्टेडियमच्या बाबतीत तर अमेरिकन मालकांना हेवा वाटायचं काहीच कारण नाही. तिकडे कितीतरी स्टेडियम शहराच्या किंवा राज्याच्या करातून उभी राहतात, नाही दिलंत तर टीम उचलून दुसऱ्या शहरात नेऊ ही धमकी असते आणि ती खरीही करतात. मायामी मार्लिन्सना २०१२ मध्ये बहुतांश सरकारी पैशातून नवं स्टेडियम मिळालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी महागडे खेळाडू टोरांटोला देऊन टाकले. ओकलंड ए’जना मनासारखं स्टेडियम मिळालं नाही तर २०२४ नंतर ते ओकलंड सोडूनच गेले, आधी सॅक्रामेंटो आणि पुढे लास व्हेगस. इंग्लंडमध्ये क्लब असा हलवणं जवळजवळ पाप समजतात, विम्बल्डनला २००३ मध्ये मिल्टन कीन्सला नेलं त्याचा राग अजून आहे. आर्सेनलने याबाबतीत फार बोलू नये खरं तर, ते स्वतः १९१३ मध्ये गिऱ्हाईक जास्त मिळावं म्हणून टेम्सच्या दक्षिणेकडून उठून हायबरीला आले.

या दोन जगांना जोडणारा माणूस म्हणजे आर्सेनलचा अमेरिकन मालक स्टॅन क्रोएंके. २००७ मध्ये आर्सेनलचे शेअर घ्यायला सुरुवात, २०११ मध्ये बहुमत, २०१८ मध्ये पूर्ण मालकी. डेन्व्हर नगेट्स ही बास्केटबॉल टीम त्याच्या घरची, आणि रॅम्स ही एनएफएल टीम त्याने २०१६ मध्ये सेंट लुईसहून लॉस एंजेलिसला नेली, तिथे स्वतःच्या पैशाने अब्जावधी डॉलरचं सोफाय स्टेडियम बांधलं. ज्याच्या टीम्स कधी रेलिगेट होत नाहीत आणि किंमत आपोआप वाढते त्याला चौथा नंबर पुरतो, असा फॅन्सचा आरोप होता. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा क्लबांनी सुपर लीग काढायचा घाट घातला, पंधरा संस्थापकांना कधीच बाहेर जावं लागणार नाही असा, त्यात आर्सेनल, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड हे तिन्ही अमेरिकन मालकीचे क्लब होते. दोन-तीन दिवसांत बेत कोसळला. त्याच्या आदल्या वर्षी कोविडमध्ये आर्सेनलने ५५ नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं होतं, आणि डायनासोरचा मॅस्कॉट गनरसॉरसलाही घरी बसवल्याची बातमी आली त्याच दिवशी ४ कोटी ५० लाखांचा खेळाडू थॉमस पार्टी साइन झाला. काटकसर कुठे करायची याचा अंदाज चुकला की असं होतं.

सुपर लीग फसल्यानंतर मात्र क्रोएंकेंचा हात बराच सैल सुटला. २०२३ मध्ये डेक्लन राइस या खेळाडूसाठी १० कोटी पौंड आणि वर ५० लाख अटींवर, जुन्या आर्सेनलमध्ये हा आकडा कुणी उच्चारलाही नसता. आता खर्चाला लगाम आहे तो नियमांचा. प्रीमियर लीगने तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंतच्या तोट्याची मर्यादा घातली होती, त्यात २०२३-२४ मध्ये एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे पॉइंट्स कापले गेले, आणि युरोपियन फुटबॉलची संघटना यूएफाचा नियम सांगतो की टीमवरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत ठेवा. ऐकायला हे अमेरिकन कॅपसारखं वाटतं पण परिणाम उलटा आहे, एनएफएलची कॅप सगळ्यांना एकच आकडा देते, टक्केवारीची कॅप मात्र ज्याचं उत्पन्न मोठं त्याला जास्त खर्च करू देते, आणि ६० हजार खुर्च्यांचं स्टेडियम फेडून बसलेल्या क्लबला हे चांगलंच मानवतं.