राष्ट्रीय रायफल्सचा फॉर्म निघत नाही, आसाम रायफल्सचा निघतो

सोलापुरात होम मैदानावर पहाटे पळणाऱ्या पोरांपैकी एखादा तरी सांगतोच, ‘मला राष्ट्रीय रायफल्समध्ये जायचंय.’ इच्छा चांगली आहे, पण तिचा फॉर्म कुठेच मिळत नाही. राष्ट्रीय रायफल्समध्ये थेट भरती होत नाही. भरती होते ती आसाम रायफल्समध्ये. दोन्हींच्या नावात रायफल्स आहे, दोन्ही डोंगराळ सरहद्दीवर अतिरेक्यांशी लढतात आणि दोन्हींकडे हुकूम देणारे अधिकारी मुख्यतः लष्कराचेच. घोळ इथूनच सुरू होतो, आणि फॉर्म भरताना तो महागात पडतो.

आधी राष्ट्रीय रायफल्स, म्हणजे आरआर. काश्मीर पेटल्यावर सीमेवरच्या पायदळाच्या पलटणी आतल्या कामाला ओढाव्या लागू नयेत, म्हणून १९९० साली ही उभी राहिली. ती लष्कराचाच भाग आहे आणि संरक्षण मंत्रालयाखाली येते. तिचं काम मुख्यतः जम्मू-काश्मीरमध्ये. राजौरी-पूंछकडे रोमिओ फोर्स, डोड्याकडे डेल्टा, दक्षिण काश्मीरमध्ये व्हिक्टर, कुपवाडा-बारामुल्लाकडे किलो अशी तिची विभागणी आहे.

आरआरमध्ये कायमचा कोणीच नसतो. साध्या पायदळात माणसं तीच राहतात आणि अख्खी पलटण जागा बदलते. आरआरमध्ये उलटं आहे: बटालियन वर्षानुवर्षं त्याच खोऱ्यात राहते आणि माणसं साधारण दोन-तीन वर्षांनी बदलतात. निम्मे जवान त्या बटालियनशी जोडलेल्या पायदळ रेजिमेंटचे, बाकीचे तोफखाना, सिग्नल, सप्लाय अशा इतर शाखांमधून आलेले. सातारचे कर्नल संतोष महाडिक मूळचे २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ते हुतात्मा झाले तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या ४१ आरआरचे कमांडिंग ऑफिसर होते. म्हणून आरआरमध्ये जायचं तर आधी सैन्यात भरती व्हा, मग पोस्टिंगची वाट बघा.

बटालियन न हलवण्याला कारण आहे. कुठला नाला कुठे उतरतो, कुठल्या ढोकेत, म्हणजे मेंढपाळांच्या डोंगरातल्या झोपडीत, उन्हाळ्यात कोण मेंढरं घेऊन येतं, ही माहिती पलटणीत साठत जाते. धोका असतो तो माणसं बदलतानाच्या काळात. नवा जवान कालपर्यंत वायरलेस सेट सांभाळत असेल तर त्याला डोंगरातली घेराबंदी एकदम जमत नाही. त्यामुळे आरआरमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला आधी कोअर बॅटल स्कूलमध्ये काही आठवड्यांचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं.

घेराबंदीचंच घ्या. खबर मिळाली की रात्री, गाड्या लांब सोडून, पायी जायचं. उजाडण्याआधी गावाला बाहेरचा वेढा पडला पाहिजे, मग संशयित घराभोवती आतला. गावकऱ्यांना बाहेर काढायचं, आतल्याला शरण यायला सांगायचं, आणि खोलीत शिरायचं ते सर्वांत शेवटी. बिघडतं ते बहुतेकदा वेढ्यातच: एखादा ओढा मोकळा राहतो, कुत्री भुंकतात, किंवा एक तुकडी वीस मिनिटं उशिरा पोचते. घाईनं दारात शिरणं तर जिवावरच बेततं.

आता आसाम रायफल्स. १८३५ साली ‘कछार लेव्ही’ म्हणून उभी राहिलेली ही देशातली सर्वांत जुनी निमलष्करी फौज आहे. मुख्यालय शिलाँगला, ४६ बटालियन. प्रशासन गृह मंत्रालयाचं, पण मोहिमेचे हुकूम लष्कराचे, आणि हाच दुहेरीपणा लोकांना चकवतो. म्यानमारची १,६४३ किलोमीटरची सीमा हिच्याकडे आहे, आणि नागालँड, मणिपूर, मिझोराम, अरुणाचलातली बंडखोरीविरोधी मोहीमही.

कामाची जातही वेगळी. बंडखोरांचे तळ बऱ्याचदा म्यानमारच्या बाजूला असतात. हल्ला करून ते जंगलातून पलीकडे जातात. जवानांना जास्त धोका रस्त्यावर असतो. म्हणून ताफा निघण्याआधी रोड ओपनिंग पार्टी वळणं, मोऱ्या आणि कडेची झाडी तपासते. १३ नोव्हेंबर २०२१ ला मणिपूरच्या चुराचांदपूर जिल्ह्यात ४६ आसाम रायफल्सचे कर्नल विप्लव त्रिपाठी यांच्या ताफ्यावर असाच दबा धरून हल्ला झाला. त्यात त्यांची पत्नी, लहान मुलगा आणि चार जवानही गेले. शिवाय तिथे सगळेच गट शत्रू नसतात. काहींशी शस्त्रसंधी आहे, काही कुकी गटांशी २००८ पासून कारवाई थांबवण्याचा करार आहे. समोरचा हत्यारबंद माणूस करारातला की बाहेरचा, हे ओळखायला त्या डोंगरात वर्षं घालवावी लागतात. आसाम रायफल्सच्या जवानाची बहुतेक नोकरी तिकडेच जाते, हा तिचा मोठा आधार. अधूनमधून तिच्या बटालियन काश्मीरलाही जातात, म्हणून बातमीतलं ठिकाण बघून फौज ठरवू नका.

आता मैदानाचं. आसाम रायफल्ससाठी एसएससीची, म्हणजे केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची जीडी (जनरल ड्युटी) परीक्षा द्यायची, त्यातलं पद रायफलमन जीडी. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या फौजांसाठीही हीच परीक्षा. दहावी पास, वय १८ ते २३. लेखी मराठीतूनही देता येते: ८० प्रश्न, १६० गुण, ६० मिनिटं. मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, आणि त्याला गुण नाहीत, नुसतं पार करायचं. सैन्याच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर, आणि तिथे वेळेवर गुण. साडेपाच मिनिटांत पूर्ण गुण हवे असतील तर किलोमीटरला साडेतीन मिनिटांच्या आत पळावं लागतं. पाच किलोमीटरला तोच वेग धरणारा तिसऱ्या किलोमीटरला संपतो. दोन्हींची तयारी करणाऱ्यानं आठवड्याचे दिवसच वेगळे ठेवावेत. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर पाळणे लागले की सराव तुटतो. तेव्हा रस्ता बदला, खाडा करू नका.

आसाम रायफल्ससाठी मुलांची उंची १७० सेंटिमीटर. मराठा उमेदवाराला १६५ ची सवलत आहे, पण ठरलेल्या नमुन्यातला दाखला हातात हवा. तो नसेल तर मोजमाप १७० नेच होतं, आणि दोन सेंटिमीटरसाठी चांगली पोरं घरी येतात. फौजांचा पसंतीक्रमही विचार करून भरा. एकदा वाटप झालं की बदलून मिळत नाही.

पुढच्या आयुष्यातही फरक आहे. अग्निवीर चार वर्षांचा, पुढे २५ टक्क्यांपर्यंतच कायम होतात. आसाम रायफल्समध्ये निवृत्ती साठाव्या वर्षी, पण १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना नवी पेन्शन योजना. माजी सैनिक ही व्याख्या भूदल, नौदल, वायुदलाची आहे, आसाम रायफल्सचा जवान तिच्यात बसत नाही. सैनिक कल्याण कार्यालयातल्या सवलती गृहीत धरण्याआधी घरच्यांना हे सांगून ठेवा.

बातमीत ‘४२ आरआर (आसाम)’ असं दिसलं तर ती आसाम रायफल्स नव्हे. ती राष्ट्रीय रायफल्सचीच बटालियन, आसाम रेजिमेंटशी जोडलेली, आणि ती असते काश्मीरमध्ये. नुसतं ‘रायफलमन’ वाचूनही काही ठरत नाही, कारण गढवाल रायफल्सचा जवानही रायफलमनच. फोटो असेल तर बिल्ला बघा: आरआरच्या बिल्ल्यावर संगिनी लावलेल्या दोन रायफली एकमेकींवर आडव्या, आसाम रायफल्सच्या बिल्ल्यावर दोन खुकऱ्या.